दोघांनी वाचल्याशिवाय एंटर नाही

फोन आला तेव्हा माझ्यासमोर सात कॉम्प्युटर रांगेत मांडलेले होते आणि सातही पडद्यांवर पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. कोकणातली एक प्राथमिक शाळा, दुपारची सुट्टी, व्हरांड्यात पोरांच्या ताटांचा आवाज. जुन्या मशीनमध्ये नवी सिस्टीम टाकून ती शाळांना चालू करून द्यायची, हे माझं काम. फोनवर कर्नाटकातल्या आळंदचा नंबर बघून बरं वाटलं, पण उचलल्यावर आवाज अक्कांचा निघाला तशी मी चमकले. कारण महादेवी अक्का स्वतःहून कधी फोन करत नसत. फोन अण्णा करायचे आणि अक्का मागून काहीतरी बोलायच्या. त्या दिवशी मागे कुणाचाच आवाज नव्हता. "सुनंदा, अण्णा गेले बघ गं," त्या म्हणाल्या. छातीत दुखायलंय म्हणून सकाळी कलबुर्गीला न्यायला निघाले, रस्त्यातच...  मग त्यांनीच विचारलं, "काय करायलीस आता?" मी म्हटलं, सिस्टीम टाकायलेय. "मग ते हू दे आधी. मधी सोडू नको." हे अण्णांचं वाक्य होतं. सकाळी गेलेल्या माणसाचं वाक्य दुपारी त्यांच्या बायकोच्या तोंडून आलं. सातवी पट्टी संपेपर्यंत मी जागची हलले नाही. मातीला काही पोचले नाही... इतक्या लांबून पोचणं शक्यच नव्हतं.

बसण्णा, म्हणजे आमचे अण्णा, यांचं दुकान आळंदच्या बस स्टँडमागच्या गल्लीत. लग्नपत्रिका, फॉर्म भरणं, फोटो, झेरॉक्स. आमच्याकडे पत्रिकेच्या एका अंगाला मराठी आणि दुसऱ्या अंगाला कानडी छापतात. मुलीकडचे अक्कलकोट-उमरग्याचे, मुलाकडचे इकडचे, रुसवा कुणाचा नको. अण्णा कानडी शाळेत शिकलेले. मराठी बोलायला फर्डे, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाशी भांडण. म्हणून त्यांना मराठी टाइप करणारं माणूस पाहिजे होतं. मी जवळच्याच खजुरी गावची. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आठवीला कानडी शाळेत घातलं, पहिल्याच आठवड्यात धडा वाचायला उभं केलं आणि माझ्या तोंडून अक्षर फुटेना. सगळा वर्ग वाट बघत होता. महिनाभरात मी जायचंच सोडलं. पुढे लग्न झालं, मोडलं, आणि सव्विसाव्या वर्षी माहेरी तूर निवडत बसलेली असताना या कामाचं कळलं. पहिल्या दिवशी की-बोर्डला हात लावण्याआधी मी विचारलं, "काही मोडलं तर?" अण्णा म्हणाले, "मोडंल की. मोडल्यावर बसू दोघं."

त्यांच्या गळ्यात इष्टलिंग असायचं आणि शेजारी काळ्या दोरीत एक पेनड्राइव्ह. अक्का म्हणायच्या, "आमच्या घरी एका गळ्यात दोन देव." त्या पेनड्राइव्हमध्ये कुठली ना कुठली नवी सिस्टीम असायची. लिनक्सच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमांचे किती प्रकार असतात ते मला तिथेच कळलं. तुरीचा हंगाम सुरू झाला की गल्लीत गिऱ्हाईक कमी होई, आणि मग अण्णांना राहवायचं नाही. चांगलं चाललेलं मशीन उघडायचे, पेनड्राइव्ह खुपसायचे, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या की खुर्ची पुढे ओढून बसायचे, चेहरा असा की कुणी ताटात होळीची पोळी वाढली आहे. नव्या सिस्टीममध्ये आवाज निघेना, मग दोन दिवस आवाजाच्या मागे. आवाज निघाला की प्रिंटर रुसायचा. एकदा खिडकी ओढली की जेलीसारखी लवलवते अशी काहीतरी करामत त्यांना सापडली, तर ते येईल त्या गिऱ्हाइकाला ती खिडकी ओढून दाखवत होते. पेन्शनच्या फॉर्मसाठी आलेले एक आजोबा म्हणाले, "अण्णा, हे हलायलंय ते बंद करून आधी माझं नाव लिव्हा, मी बी हलायलोय." सगळे मेनू मराठीत झाले त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. 'कचरापेटी' हा शब्द पडद्यावर वाचला तेव्हा मला वाटलं, हे यंत्र आपल्या घरातलं आहे. संध्याकाळी अण्णांनी सगळं कानडीत केलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मराठीत. आठवडाभर आमचा हाच खेळ.

हे सगळं आज लिहिताना मजेचं वाटतं, पण तेव्हा मला प्रत्येक वेळी भीती वाटायची. कारण त्याच मशीनमध्ये फोटो होते, आणि सिस्टीम टाकताना चुकीचं बटण दाबलं तर तेही पुसले जातात. दुकानात फॉर्मसाठी फोटो काढायला येणारी बहुतेक माणसं म्हातारी. आयुष्यात त्यांचा तोच एक फोटो. ते माणूस गेलं की चार-आठ दिवसांनी घरचं कुणीतरी येऊन विचारायचं, "अण्णा, मागं फॉर्मला काढला होता तो हाय का? मोठा करून फ्रेमला पाहिजे." अण्णा नाव विचारायचे, फोटो काढून द्यायचे. आजूबाजूच्या वीस गावांतल्या भिंतींवर तेच फोटो आहेत. म्हणून सिस्टीम टाकताना शेवटच्या पायरीला अण्णांचा एक नियम होता. इंग्रजीत जी सूचना येते ती ते सावकाश वाचायचे, अडलं तर जाडजूड डिक्शनरी काढायचे. मग मी ती मराठीत सांगायची, ते कानडीत सांगायचे. कानडी वाचायला मी घाबरत होते, ऐकून समजत होतं. दोघांचं सांगणं जुळलं तरच पुढे. तोवर ते दोन्ही हात काखेत दाबून बसायचे. जुळलं की म्हणायचे, "ओत्तु, अव्वा." दाब, बाई. आणि एंटर मी दाबायचं, त्यांनी नाही. जुळलं नाही तर "ब्याड", म्हणजे नको, आणि मशीन बंद करून चहा. मी एकदा विचारलं, तुम्हीच का दाबत नाही? "मला हौस लई हाय," ते म्हणाले, "हौशी माणसाचा हात आधी पडतो. तू भितीस, तुझा हात बरा."

पण घाबरणारा हातही चुकतो.

एका मंगळवारी अण्णा कागद आणायला हुमनाबादला गेले होते. नवी सिस्टीम आली होती आणि जाताना पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून ते म्हणाले होते, "आल्यावर बसू." मला काय सुचलं कोण जाणे. ते यायच्या आत करून ठेवावं, त्यांनी दारातूनच बघावं आणि हसावं, एवढंच मनात होतं. पाच वर्षांत मला इंग्रजी वाचण्यापुरतं यायला लागलं होतं. शेवटच्या पायरीवर आले. नियम विसरले नव्हते मी. वरची ओळ मराठीत म्हटली, मग स्वतःच कानडीत म्हटली. जुळलं. जुळणारच, दोन्ही तोंडं माझीच होती. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती वाचलीच नाही. कुणी 'ओत्तु' म्हणायला नव्हतं, तेही मीच म्हटलं, आणि दाबलं... ती खालची ओळ सांगत होती की या डिस्कवर जे काही आहे, फोटोसकट, ते सगळं जाईल.

अण्णा आले तेव्हा मी पायरीवर बसले होते. आत जाऊन त्यांनी पाहिलं.  मला वाटत होतं, ओरडावं, हाकलावं, काहीतरी करावं. ते बाहेर आले, माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "कामून एकटी बसलीस गं?" पायरीवर एकटी का बसलीस हे विचारत होते की मशीनपुढे एकटी का बसलीस हे, मला आजही ठाऊक नाही. मग पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघांनी हरवलेलं शोधणारी नाना सॉफ्टवेअरं चालवली. निम्मे फोटो मिळाले. निम्मे गेले ते गेले.

त्यानंतर दारात कुणी उभं राहिलं की फोटो मागायला तर आलं नाही ना, हे मी आधी बघायची. महिन्याभराने खजुरीजवळच्या वस्तीवरचे रामराव आले. आई गेली होती. "दिवाळीच्या मोरं फॉर्मला काढला होता बघा, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेला." मी सगळे फोटो चाळले, पुन्हा चाळले. नव्हता. मी तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "रामराव, माझ्या हातून पुसला गेला. चूक झाली माझी." रामरावांनी पुढ्यातला चहा संपवला. "असू द्या अण्णा. चेहरा ध्यानात हाय की," म्हणून उठले. पायरीपर्यंत जाऊन परत वळले. "आधार कार्डावरचा मोठा होतो का?" आम्ही तो मोठा करून दिला. काळपट डाग आणि त्यात दोन डोळे. तो कागद ते उपरण्यात गुंडाळून घेऊन गेले. ते दिसेनासे झाल्यावर मी म्हटलं, अण्णा, तुम्ही खोटं कशाला बोललात? "खोटं कुठलं? दुकान कुणाचं हाय?" असं म्हणून ते पत्रिका छापायला वळले. पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही. मी मशीनला हात लावेनाशी झाले होते. आठ दिवस नुसती झेरॉक्स काढत राहिले. नवव्या दिवशी त्यांनी गळ्यातली दोरी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "नवीन आलीय. बस."

त्याच सिस्टीममध्ये कॅमेरा पहिल्या झटक्यात चालू झाला. एरवी त्याला दोन-दोन दिवस लागायचे. पडद्यावर अचानक स्वतःचंच तोंड दिसलं तसे अण्णा दचकले आणि मग हसायला लागले, असे की खालचा पडलेला दात दिसावा. मी पटकन बटण दाबलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा तेवढाच एक धड फोटो. मोबाइल त्यांचा बटणांचा. कुणी फोटो काढायला लागलं की उठून लाइट नीट करायला जायचे.

वर्षभराने या कोकणातल्या कामाचं त्यांनीच कुठूनतरी शोधून काढलं. मी नको म्हटलं. तिकडची भाषा वेगळी, माणसं वेगळी, मी आठवी नापासही नाही, आठवी सोडलेली. "फॉर्ममध्ये शिक्षण विचारलंय," मी म्हटलं. ते म्हणाले, "सातवी लिही. खालच्या रकान्यात अनुभव विचारलाय, तिथं जागा पुरणार न्हाई बघ." स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी रडत होते आणि ते कंडक्टरला विचारत होते की गाडीत मोबाइल चार्ज व्हायची सोय आहे का. तिथून पुढे चार वर्षं, प्रत्येक नव्या शाळेत शेवटच्या पायरीला मी त्यांना फोन करत आले; त्या सात मशीनच्या शाळेतला फोन आदल्या संध्याकाळीच झाला होता. खरं तर गरज नव्हती. मी मराठीत सांगायची, ते पलीकडून कानडीत सांगायचे, आणि मग तो शब्द.

अण्णा जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा अक्कांचा दुसरा फोन आला. त्यांचा पुतण्या मल्लू दुकानात मोबाइलचं काम सुरू करणार होता. मुलगा चांगला आहे, पण मशीन चालू होत नव्हतं, नुसतं कसले तरी प्रश्न विचारत होतं, म्हणून सगळं पुसून नव्याने टाकतो म्हणाला. अक्कांनी त्याला सोमवारपर्यंत थांबवलं होतं. "भिंतीवर लावायला फोटो न्हाई गं," त्या म्हणाल्या. "मल्लूच्या लग्नातला हाय, त्यात कुणाच्या तरी फेट्यामागं निम्मं तोंड. कार्डावरचा माणूस तर मला ओळखूच येत न्हाई. ते हसलेला तू काढला होतास ना, तो त्या डब्यात हाय म्हणायचे." मग थोडं थांबून, "गळ्यात लिंग होतं, ती काळी दोरी नव्हती. आंघोळ घालताना बघितलं मी."

 दोरी गळ्यात नव्हती म्हणजे पेनड्राइव्ह मशीनला लागलेला होता. म्हणजे अण्णा सिस्टीम टाकायला बसले होते आणि काम मधेच राहिलं. कुठल्या पायरीवर? पुसायच्या आधी की नंतर? रत्नागिरी, कोल्हापूर, सोलापूर, अक्कलकोट असं गाड्या बदलत जाताना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा डोळ्यापुढे आणत होते, की त्या शेवटच्या दिवशी ते एकटे होते आणि मराठीची बाजू सांगायला कुणी नव्हतं. मला फोन का केला नसेल? दुकानात वीज गेली असेल, छातीत कळ आली असेल... किंवा हौशी माणसाचा हात आधी पडला असेल.

दुकान उघडलं तेव्हा खुर्ची पुढे ओढलेली तशीच होती. काळी दोरी मशीनच्या तोंडातून लोंबत होती. मी स्वतःचा पेनड्राइव्ह आणला होता, डिस्कला धक्का न लावता आत बघता येतं असा. त्यातून बघितलं. फोटोंचा भाग पुसलेला नव्हता, पण उघडतही नव्हता, काम अर्ध्यात तुटल्यामुळे आतली घडी विस्कटली होती. कुठल्याही शहाण्या माणसाने आधी सगळ्याची प्रत काढली असती. मीही बसले काढायला, पण थोड्याच वेळात जुनी डिस्क टक-टक वाजायला लागली, म्हणजे एवढा वेळ ती तग धरणार नव्हती, आणि मी घाबरून थांबवलं. आता दुरुस्ती चालवण्याशिवाय उपाय नव्हता. पडद्यावर प्रश्न आला.  मल्लू दारात उभा होता, म्हणाला, "तायी, मी दाबू का?" मी त्याला नको म्हटलं आणि अक्कांना आत बोलावलं.

अक्का उभ्या जन्मात त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या. बसल्या, आणि पदर सावरून हात काखेत दाबून घेतले. मी बघतच राहिले. "ते असंच बसायचे," त्या म्हणाल्या. "थरथरायचे ना हात. मशीन उघडायच्या दिवशी सकाळपासून घास उतरायचा न्हाई त्यांना." हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, भिते ती मी एकटीच.

मी वरची ओळ मराठीत सांगितली. या भागात बिघाड आहे, दुरुस्त करू का? अक्कांनी ती कानडीत सांगितली, सावकाश, एखाद्या बहिऱ्या माणसाला समजावतात तशी. जुळलं. माझं बोट एंटरवर गेलं. "थांब की," अक्का म्हणाल्या. त्यांना इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही, पण त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "खाली अजून एक वळ हाय. ती कामून वाचली न्हाईस?"

मी परत तेच करायला निघाले होते.

खालच्या ओळीत लिहिलं होतं की ज्या तुकड्यांचा ठावठिकाणा लागणार नाही ते टाकून न देता एका वेगळ्या जागी ठेवले जातील. मी सांगितलं. अक्कांनी कानडीत सांगितलं. मग मी बोट एंटरवर धरून थांबले.  मल्लूला काही कळेना. अखेर अक्कांच्या लक्षात आलं मी कशासाठी थांबले आहे ते, आणि त्या अगदी हळू म्हणाल्या, "ओत्तु, अव्वा."

फोटो सापडले. नावं सगळी गेली होती, नुसते आकडे. म्हणून एकेक चेहरा उघडून बघावा लागला, दिवसभर. अक्का सांगत होत्या, ही अमक्याची सासू, हा गेला, ही पण गेली, हा अजून हाय, काल बाजारात दिसला. मल्लू फोटोचा आकडा मिटवून तिथे नाव लिहीत गेला. मी मधेमधे पदर घेतलेली एक म्हातारी शोधत होते. ती मिळाली नाही. ती मिळणारही नव्हती, ती माझ्याच हातून गेली आहे. दुपार उतरल्यावर एक चित्र उघडलं आणि पडलेला दात दिसला.  अक्कांनी पडद्यावरची धूळ पदराने पुसली आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

तो फोटो आता दुकानात मशीनच्या वर लावला आहे. नजर फोटोतून आपल्याकडे येत नाही, थोडी खाली जाते, कारण तेव्हा ते पडद्याकडे बघत होते. काळी दोरी अक्कांनी मला दिली.

मी कोकणात परत आले. परवा एका नव्या शाळेत अकरा मशीन होती. शेवटच्या पायरीला आल्यावर सवयीने फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि मग आठवलं. हात थरथरायला लागले, ते मी काखेत दाबून घेतले. मुख्याध्यापक बाईंना वाटलं मला थंडी वाजतेय, त्यांनी पंखा बंद केला. मग मी तोच नंबर लावला. अक्कांनी उचलला. मागे कुकरची शिट्टी. मी वरची ओळ सांगितली, त्यांनी सांगितली. खालची सांगितली, त्यांनी सांगितली. मग त्यांनी विचारलं, "अजून खाली काही हाय का?"

मी पुन्हा एकदा नीट पाहिलं. न्हाई अक्का, म्हटलं, काही नाही.

"बघ हं," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "ओत्तु."